खोली वेगळी, प्रश्नपत्रिका तीच : हेलन केलर यांच्या परीक्षेची गोष्ट

ठाणे : जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला हेलन केलर यांची जयंती येते. बऱ्याच शाळांत त्या दिवशी पाण्याच्या पंपाची गोष्ट सांगितली जाते. आंधळी-बहिरी मुलगी, तिची बाई, हातावर पडणारं पाणी आणि तळहातावर लिहिलेला शब्द. गोष्ट खरी आहे, गोडही आहे. पण मुरबाड, शहापूर किंवा कल्याण-डोंबिवलीत ज्या घरात दहावीला बसणारं अंध, कर्णबधिर किंवा अध्ययन अक्षम मूल आहे, त्या घराला हेलनची दुसरीच गोष्ट जास्त जवळची वाटेल. ती आहे तिच्या प्रवेश परीक्षेची. प्रश्नपत्रिका कोण वाचणार, उत्तर कोण तपासून देणार, सोबत कोणाला बसू देणार, आणि हे उत्तर हिचंच कशावरून, हे सगळे प्रश्न तिच्यापुढे सव्वाशे वर्षांपूर्वी आले होते.

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया या लहान गावातला. एकोणीस महिन्यांची असताना तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण डोळे आणि कान दोन्ही घेऊन गेला. पुढची पाच वर्षं घरात नुसता धिंगाणा. पोर चिडायची, चावायची, ताटातलं दुसऱ्याचं उचलायची, आणि दया येऊन कोणी तिला काही बोलायचं नाही. वडील तिला टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्याकडे घेऊन गेले. बेल यांचं बहिऱ्या मुलांच्या शिक्षणात मोठं काम होतं. त्यांच्या सल्ल्यानं बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेकडे चौकशी झाली आणि ३ मार्च १८८७ ला ॲन सुलिव्हन नावाची वीस वर्षांची मुलगी टस्कंबियात उतरली. ॲन स्वतः अधू नजरेची, लहानपण अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रमात गेलेलं. एका महिन्यात पंपाचा तो प्रसंग घडला आणि हेलनला कळलं की प्रत्येक वस्तूला नाव असतं. पुढे ब्रेल आली, उठावाची अक्षरं आली, बोस्टनला येणं-जाणं सुरू झालं.

इथे एक प्रकरण घडलं, ते समजून घेतल्याशिवाय पुढची परीक्षा कळत नाही. अकरा वर्षांच्या हेलननं दंवाच्या राजाची एक गोष्ट लिहून पर्किन्सचे प्रमुख अनाग्नोस यांना वाढदिवसाला पाठवली. त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी छापली. मग लक्षात आलं की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेची जवळपास तशीच गोष्ट आधीच छापलेली आहे. कधीतरी हेलनच्या हातावर ती वाचून दाखवली गेली होती. तिच्या डोक्यात ती राहिली, पण ती दुसऱ्याची आहे हे राहिलं नाही. मुलांचं असं होतंच. पण संस्थेत चौकशी बसली. ॲनला बाहेर काढून त्या पोरीला मोठ्या माणसांनी प्रश्नांमागून प्रश्न विचारले. मतं निम्मी-निम्मी पडली आणि अनाग्नोस यांच्या मतानं ती सुटली. सुटली तरी तिनं पुन्हा कधी कल्पित गोष्ट लिहिली नाही. जे लिहिते आहे ते आपलंच आहे ना, ही धाकधूक तिला पुढे बरीच वर्षं पुरली. आणि बाहेरच्या लोकांना एक शंका मिळाली ती मिळालीच: ही मुलगी हुशार, की हिची बाई हुशार?

अशा परिस्थितीत हेलननं ठरवलं की कॉलेजला जायचं, आणि तेही रॅडक्लिफला. त्या काळी हार्वर्डमध्ये बायकांना प्रवेश नव्हता. रॅडक्लिफ हे हार्वर्डला जोडलेलं मुलींचं कॉलेज. प्रश्नपत्रिका हार्वर्डच्या. अंध-बहिऱ्यांसाठी वेगळी सोपी परीक्षा असा काही प्रकार नव्हता, आणि हेलनला तो नकोच होता. ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या मुलींबरोबर त्याच पेपरला बसायचं, हा तिचा हट्ट.

ऑक्टोबर १८९६ मध्ये ती तयारीसाठी केंब्रिजच्या मुलींच्या शाळेत दाखल झाली. प्राचार्य आर्थर गिलमन. तिथल्या शिक्षकांनी कधी अंध किंवा बहिरं मूल शिकवलेलं नव्हतं. वर्गात ॲन शेजारी बसायची आणि शिक्षक बोलतील ते हेलनच्या तळहातावर बोटांच्या लिपीत लिहायची. हेलनचा हात ऐकण्यात अडकलेला, त्यामुळे वही-पेन्सिलचा प्रश्नच नाही. घरी आल्यावर आठवेल ते टाइपरायटरवर उतरवायचं. बरीचशी पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती. ती ॲनने वाचून दाखवायची, एकेक अक्षर करत. जर्मनच्या बाई आणि खुद्द प्राचार्य गिलमन, या दोघांनी मात्र तिच्यासाठी बोटांची लिपी शिकून घेतली. साऱ्या शाळेत दोनच माणसं. तरी त्या दोघांमुळे ॲनला थोडी उसंत मिळायची. आपल्याकडे एखाद्या शाळेत एकच बाई खुणांची भाषा शिकून घेते आणि सगळा भार तिच्यावर येतो, तसंच हे.

पहिली परीक्षा २९ जून ते ३ जुलै १८९७. हेलनला सतरा पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. विषय जर्मन, फ्रेंच, लॅटिन, इंग्रजी, आणि ग्रीस-रोमचा इतिहास. सगळे मिळून नऊ तासांचे पेपर.

नियम असा होता की उत्तरपत्रिकेवर नाव घालायचं नाही, फक्त क्रमांक. हेलनचा क्रमांक २३३. पण साऱ्या परीक्षेत टाइपरायटरवर लिहिणारी ती एकटीच, त्यामुळे नाव झाकून काही उपयोग नव्हता. टाइपरायटरची खडखड इतर मुलींना त्रास देईल म्हणून तिला वेगळी खोली दिली. म्हणजे सोय तिची होती, पण कारण इतरांचं होतं. दाराशी एक माणूस राखणीला उभा, कोणी आत येऊ नये म्हणून. आत हेलन आणि गिलमन. ते आधी सगळी प्रश्नपत्रिका तिच्या हातावर वाचून दाखवत, मग पुन्हा एकेक वाक्य. ती प्रत्येक शब्द मोठ्यानं उच्चारून दाखवी, म्हणजे नीट पोचला की नाही ते त्यांना कळावं. मग टाइप करायला सुरुवात. लिहून झालं की तिनं काय लिहिलं ते गिलमन पुन्हा तिच्या हातावर वाचून दाखवत. ती सांगेल त्या दुरुस्त्या ते कागदावर घालत.

शेवटची ही गोष्ट नजरेखालून सहज निसटते, पण तीच सगळ्यात मोठी. डोळस मुलगा पेपर लिहून झाल्यावर वर-खाली नजर फिरवतो, चुकलेलं खोडतो. अंध मुलाला स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नसेल, तर त्याचा पहिला मसुदा तोच शेवटचा. गिलमन यांनी तिला ती नजर दिली, दुसरं काही नाही. पेपर पाठवताना त्यांनी सोबत लेखी दाखला जोडला, की २३३ क्रमांकाच्या उमेदवारानंच हे लिहिलं आहे. हेलन सगळ्या विषयांत पास झाली. जर्मन आणि इंग्रजीत तर विशेष प्रावीण्य.

दुसरं वर्ष गणिताचं. बीजगणित, भूमिती, भौतिकशास्त्र, जोडीला ग्रीक आणि लॅटिन. पुस्तकं ब्रेलमध्ये वेळेवर मिळेनात. फळ्यावरच्या आकृत्या तिला कशा दिसणार? तिनं एक उशी घेतली आणि टोकं वाकवलेल्या सरळ आणि वळणदार तारा त्यात टोचून त्रिकोण-वर्तुळं उभी केली. कोणत्या बिंदूला कोणतं अक्षर, पक्ष काय, साध्य काय, रचना कोणती, हे सगळं डोक्यात धरून प्रमेय सोडवायचं. ब्रेलची पाटी-टोचणी वापरणाऱ्या कुठल्याही मुलाला भूमितीच्या तासाला काय होतं ते विचारा, हीच कथा ऐकायला मिळेल. मध्येच हेलन आजारी पडली. तिच्यावर ताण फार पडतोय, वेग कमी करा, असं गिलमन यांचं मत झालं. ॲनला ते पटेना. वाद वाढला आणि हेलनच्या आईनं तिला आणि धाकट्या बहिणीला शाळेतून काढून घेतलं. पुढची तयारी मर्टन कीथ या खासगी शिक्षकाकडे झाली. कीथ यांच्या हाताखाली तिचं गणित सुधारलं, पण एक कमतरता राहिली. गणितं तोंडी सोडवण्यावर त्यांचा भर होता. पेपर लिहायचा सराव झाला नाही.

मग २९ आणि ३० जून १८९९. अंतिम परीक्षा. पहिल्या दिवशी ग्रीक आणि वरच्या पातळीचं लॅटिन, दुसऱ्या दिवशी भूमिती, बीजगणित आणि वरच्या पातळीचं ग्रीक.

या वेळी कॉलेजनं वेगळा नियम केला. ॲन सुलिव्हननं प्रश्नपत्रिका वाचून दाखवायची नाही. कारण कोणी उघड बोललं नसेल, पण दंवाच्या राजाच्या गोष्टीपासून चालत आलेली शंका सगळ्यांनाच माहीत होती. तिच्या जागी पर्किन्समधले शिक्षक युजीन व्हायनिंग यांना नेमलं आणि त्यांच्याकडून प्रश्नपत्रिका अमेरिकन ब्रेलमध्ये उतरवून घेतल्या. व्हायनिंग हेलनला अनोळखी. त्यांना बोटांची लिपी येत नव्हती, म्हणून काही विचारायचं-सांगायचं तर ब्रेल लिहूनच. पर्यवेक्षकही अनोळखी आणि त्यांनाही तिच्याशी बोलता येईना. दोन अनोळखी माणसं आणि मध्ये एक मुलगी, जिला खोलीत कोण आहे हेही हात लावल्याशिवाय कळत नाही.

भाषांचे पेपर निभले. घोटाळा झाला गणितात, आणि त्याला कारण गणित नव्हतंच. त्या काळी इंग्रजी बोलणाऱ्या जगात ठिपक्यांच्या तीन लिप्या चालत होत्या: इंग्लंडची ब्रेल, अमेरिकेची ब्रेल आणि न्यू यॉर्क पॉइंट. साधा मजकूर हेलनला तिन्हींत वाचता यायचा. पण बीजगणिताची चिन्हं तिन्हींत वेगवेगळी होती आणि तिनं आयुष्यभर वापरली होती फक्त इंग्लंडची. परीक्षेच्या दोन दिवस आधी व्हायनिंग यांनी हार्वर्डचा एक जुना बीजगणिताचा पेपर नमुना म्हणून पाठवला. हेलननं बोटं फिरवली आणि तिला धक्काच बसला. सगळी चिन्हं परकी. तिनं लगेच पत्र टाकून चिन्हांचा खुलासा मागितला. उलट टपाली आणखी एक पेपर आणि चिन्हांचा तक्ता आला. परीक्षेच्या आदल्या रात्री ती तक्ता पाठ करत बसली होती. साधा कंस, महिरपी कंस आणि वर्गमूळ एकत्र आले की तिला काही केल्या उलगडेना. सकाळी कीथ आणि ती लवकर कॉलेजात पोचले आणि व्हायनिंग यांच्याकडून चिन्हं पुन्हा समजावून घेतली.

पेपर सुरू झाला. प्रश्न एकदा वाचून भागेना, पुन्हा पुन्हा बोटं फिरवावी लागत. भूमितीची विधानं तिनं एरवी उठावाच्या छापील ओळींत वाचलेली किंवा हातावर ऐकलेली. समोरच्या ब्रेलमध्ये ती गोंधळून जायची. उत्तर टाइपरायटरवर, म्हणजे आधी काय टाइप केलं ते पाहायची सोय नाही. १८९७ ला गिलमन यांनी पेपर परत वाचून दाखवला होता, या वेळी तेही नाही. वेळ उरला तर जे आठवेल ते दुरुस्त करायचं, बस्स. तरीही ती पास झाली. कोणालाही दोष न देता तिनं पुढे आत्मचरित्रात एवढंच नोंदवलं आहे, की आपली परीक्षा आपण किती अवघड करून ठेवली आहे याची कॉलेजच्या मंडळाला कल्पना नव्हती.

कॉलेजची बाजू अगदीच खोटी होती असं नाही. ज्या बाईनं मुलीला घडवलं, तीच प्रश्न वाचून दाखवणार म्हटल्यावर कोणीही विचार केला असता. पण बोटांची लिपी येणारं तिसरं कोणी माणूस शोधता आलं असतं, आणि चिन्हं कोणती वापरणार ते दोन महिने आधी कळवायला तर काहीच अडचण नव्हती. नक्कल होऊ नये याची काळजी सगळ्यांनी घेतली. मुलीला प्रश्न कळावा याची काळजी कोणाच्याच वाट्याला आली नव्हती.

आज आपल्याकडे नियम कागदावर बरेच पुढे आहेत. अध्ययन अक्षम मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून सवलती आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या १७ व्या कलमात जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक उमेदवारापेक्षा खालच्या पायरीवरचा, अशी केंद्राची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं होती. हा खालच्या इयत्तेचा नियम म्हणजे व्हायनिंग यांना नेमण्यामागची तीच शंका, फक्त जरा शहाणपणानं सोडवलेली. पण हेलनचं जे झालं ते आजही होतं. सप्टेंबर २०२१ च्या नीट परीक्षेत मुंबईतल्या एका केंद्रावर लेखनाची अक्षमता असलेल्या मुलीला हक्काचा जादा तास मिळालाच नाही. केंद्रावरच्या लोकांना नियम माहीत नव्हता, तीन तास झाल्यावर पेपर काढून घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयानं फेरपरीक्षा दिली नाही, पण झालेला अन्याय दूर करायचा विचार करा असं परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावलं आणि केंद्रावरच्या माणसांना प्रशिक्षण द्यायला सांगितलं.

हेलन प्रत्यक्ष कॉलेजात गेली ती १९०० च्या हिवाळ्याआधी. खर्चाचा प्रश्न होता. लेखक मार्क ट्वेन यांनी शब्द टाकला आणि उद्योगपती हेन्री रॉजर्स यांनी तो भार उचलला. रॅडक्लिफची चार वर्षं म्हणजे केंब्रिजचीच मोठी आवृत्ती. तिच्याकडे हॅमंड कंपनीचा टाइपरायटर होता. त्यातली अक्षरांची पट्टी बदलता यायची, म्हणून ग्रीक अक्षरं आणि गणिताची चिन्हंही त्यावर उमटत. ॲन रोज तासन् तास तिच्यासाठी वाचायची. ॲनची मुळातच अधू असलेली नजर त्यात आणखी बिघडली. २८ जून १९०४ ला, चोविसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, हेलन सन्मानासह पदवीधर झाली. बी. ए. होणारी जगातली पहिली अंध-बहिरी व्यक्ती. प्रत्येक तासाला शेजारी बसलेल्या ॲनला अर्थातच काही मिळालं नाही. तशी पदवी असत नाही.

पुढचं आयुष्य जगाला ठाऊक आहे. पुस्तकं, भाषणं, बायकांच्या मताधिकारासाठी आणि कामगारांसाठी लढे, अंधांसाठी निधी गोळा करत गावोगाव फिरणं. ॲन १९३६ मध्ये गेली. लिप्यांचा तो जुना घोळ निस्तरायला मात्र कितीतरी वर्षं लागली. अमेरिका आणि इंग्लंडनं १९३२ मध्ये एकच ब्रेल मान्य केली, म्हणजे हेलनच्या बीजगणिताच्या पेपरनंतर ३३ वर्षांनी. भारतातही तेच दुखणं होतं. वेगवेगळ्या संस्थांत वेगवेगळ्या ब्रेल चालत होत्या. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि मराठी, हिंदी, तमिळ अशा सगळ्या भाषांना एकाच घडणीची लिपी मिळाली.

१९५५ मध्ये, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, केलर सुमारे ४० हजार मैलांच्या आशिया दौऱ्यावर निघाल्या आणि भारतात आल्या. पंडित नेहरूंची भेट झाली. दिल्ली विद्यापीठानं त्यांना सन्मानाची पदवी दिली, तिच्यासाठी कोणाला पेपर वाचून दाखवावा लागला नाही. १ जून १९६८ ला कनेक्टिकटमधल्या घरी त्यांचं निधन झालं. अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण व्हायला सव्वीस दिवस कमी होते.

ठाणे जिल्ह्याला त्यांचं नाव अनोळखी नाही. अंध-बहिऱ्या मुलांसाठी मुंबईत १९७७ मध्ये सुरू झालेली हेलन केलर संस्था पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यातही आली. तिथे आजही तळहातावर बोटांनी अक्षरं लिहिली जातात.

दहावी-बारावीच्या सवलतींचे प्रस्ताव आपल्या जिल्ह्यातून शाळेमार्फत वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडे जातात. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि तो दाखला काढायला मुरबाड-शहापूरच्या माणसाला आधी एसटी, मग लोकल, मग रुग्णालयाची रांग, आणि एका फेरीत काम होईलच असं नाही. लेखनिक म्हणून येणारं नववीचं पोर शोधायचं तर त्याच्या आईबापांना आधी समजवावं लागतं. आकृत्या, नकाशे यांतून अंध मुलाला सूट असते, पण ती केंद्रावरच्या पर्यवेक्षकाला माहीत हवी. पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो. हेलनला नमुन्याचा पेपर मिळाला तेव्हा हाताशी जेमतेम दोन दिवस होते. शाळा आता उघडल्या आहेत, अजून आठ-नऊ महिने आहेत.